चतुःसीमा

लव्हिनिया आत्याला दिवाणखान्यात टांगायला
एक वंशवृक्ष हवाय. खोड जाड, पानं भरगच्च,
शेंड्यावर आम्ही.
म्हणून तीन आठवडे मी
कोर्टाच्या तळघरात खोकत बसले आहे.

मूळ पुरुष आर्चिबाल्ड गिलफिलन.
अल्स्टरहून जहाजाने, मग पायी,
शेनान्डोआच्या खोऱ्यात, सतराशे अडतीस.
सोबत आणलं ते असं:
कुऱ्हाड एक, फाळ एक, बायबल एक,
बायको.
बायकोचं नाव कोणी लिहिलं नाही.
त्याच्या मृत्युपत्रातल्या गाईला मात्र आहे, बेस,
पांढऱ्या तोंडाची, किंमत दोन पौंड पाच शिलिंग.

बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
ओकच्या गाठी उकळून केलेल्या शाईत
(आता तपकिरी, चहा सांडल्यासारखी)
जेनेट, सतराशे एक्केचाळीस. मार्चात गेली.
जेनेट, त्रेचाळीस. तापाने.
जेनेट, चव्वेचाळीस.

नाव वाया घालवायची ऐपत नव्हती तेव्हा.
थोरलीचा झगा धाकटीला यावा तसं ते उतरत आलं
आणि तिसरीच्या अंगाला बसलं.
मी या तिसरीची.
पण आईने दारातून हाक मारली की
किती जणी वळून बघत असतील, कोण जाणे.

मग जमिनीचा दस्त.
दीडशे एकर, 'ओसाड, कोणाच्याही वहिवाटीची नसलेली'.
आणि त्याच्या लगेच खाली, त्याच कारकुनाच्या हाताने:
चतुःसीमा येणेप्रमाणे.
तीन खाचांच्या पांढऱ्या ओकपासून
ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून उत्तरेला
जुन्या शेताच्या कोपऱ्यापर्यंत.

जुन्या शेताच्या.

मी कागद उलटून पाहिला.
मागे काही नव्हतं, एक वाळलेला डास.

पुढे सत्तर वर्षांनी त्याच कोपऱ्यावरून
नातवांची शेजाऱ्याशी जुंपली. ओक पडून गेला होता,
खाचा कोणाला आठवेनात.
तेव्हा साक्षीला बोलावलं
जेनेट, वय पासष्ट, विधवा, हिला.
ती शपथेवर सांगते की,
लहानपणी आम्ही त्या शेतात उंचवट्यांवरून उड्या मारायचो.
रांगेत होते, एका उडीच्या अंतरावर, शेकड्यांनी.
गवताखाली पायाला लागायचे.
बापाला विचारलं, हे कोणी केले?
बाप म्हणाला, बैल धर.
दोन हंगामांत नांगराने ते सपाट केले.
फक्त ओढ्याकडचे राहिले, कारण तिथे
माझी आई एल्स्पेथ हिने नांगर जाऊ दिला नाही.
तिथे भोपळ्याचे वेल आपसूक उगवायचे, दरवर्षी.
आम्ही लावले नव्हते.
आम्ही खाल्ले.

वकिलाने विचारलं, मग कोपरा नेमका कुठे?
उत्तर: भोपळे संपतात तिथे.

त्यावर बहुधा कोणी हसलं असावं.
निकाल शेजाऱ्याच्या बाजूने लागला.
खाली तिची फुली,
एक पाय लांब, एक आखूड,
चालता चालता थांबल्यासारखी.

आत्याचा फोन येतो. सुताराला सांगायचंय,
चौकट अक्रोडाची करू की पाइनची?
आणि मुळाशी कोणाचं नाव, पक्कं झालं का?
एल्स्पेथ, मी म्हणते. कोण एल्स्पेथ?
आणि तिच्याही खाली थोडी जागा सोड.
किती?

मला खरंच माहीत नाही.
एका उडीएवढी, असं म्हणाले असते,
पण सुतार इंचांत मागतोय.