ओलावा, पाचवर

मुहर्रकमध्ये ऑगस्टच्या रात्री
खिडकीची काच बाहेरून घामाघूम होते,
पलीकडून कुणी बोट फिरवलं तर नाव उमटेल इतकी.
आणि अलीकडे, एसीच्या तोंडाशी,
माझ्या नाकात पापड वाळत घातलेले.

मशीन नवं. आवाज थोडा,
झोपलेल्या मांजराइतका.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासाला एकतीस वेळा
तुमचा श्वास थांबतो, मिस्टर वारंग.
मी म्हटलं, कामावर तर एकदाही थांबत नाही.
त्या हसल्या नाहीत.

पहिला आठवडा ओलावा दोनवर.
पहाटे जीभ टाळूला चिकटलेली,
अभ्र्यावर रक्ताचा ठिपका, मसुरीएवढा.
तीनवर केला. तेच.
सहावर नेला तर नळीत पाणी साचलं,
हुक्क्यासारखी गुडगुडायला लागली,
आणि दोन वाजता एक गार थेंब थेट वरच्या ओठावर.
वरच्या बंकवरून शाबीर मुकादम वाकून बघत म्हणाला,
"काय रे वारंग, बुडलास की काय?"

माझा धंदाच पाण्याचा.
हिद्दच्या प्लँटवर अकरा वर्षं
समुद्र उकळतोय.
मीठ मागे ठेवायचं,
वाफ धरायची, गार करायची, पुढे ढकलायची.
किती न्हाणीघरांत
माझ्या पाळीचं पाणी उतरत असेल, कोण जाणे.
गरम वाफ गार भिंतीला लागली की काय होतं
हे नव्या पोरांना मीच फळ्यावर काढून दाखवतो,
आणि नाकासमोरच्या वावभर नळीत
तेच चाललंय
हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मग एसी बावीसवरून पंचवीसवर. त्यावर भांडण.
सिनॉयला वीसच लागतो,
जसा काही कोट्टयमला बर्फ पडतो.
मग मशीन उशीच्या खालच्या पातळीवर, फळकुटावर,
म्हणजे नळीतलं पाणी उलटं डबीत उतरतं.
मग नळीला पांघरूण.
लोणच्याच्या बरण्या गुंडाळून आणायला
शालनने जुन्या साडीचा तुकडा दिला होता, जांभळा, सुती.
शुक्रवारी बसून त्याची सुरळी शिवली.
टाके वाकडे आले. वास अजून मोहरीचा.
शाबीर तिला सूनबाई म्हणतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मागितलं
तर त्याने गाडीच्या बॅटरीचं काढून दिलं.
लेबल वाचलं म्हणून वाचलो.
प्लँटमधून बाटलीभर आणलीही असती,
पण गेटवर काय सांगू?
नाकासाठी?

शालन रात्री फोन चालू ठेवून झोपायची.
माझं घोरणं ऐकू आलं की तिकडे दिवा बंद.
आता नुसता वारा येतो, म्हणते,
खाडीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा,
आणि मला कळत नाही तुम्ही आहात का नाही.
मी म्हटलं, आहे ना. वाराच मी.
हे मला जरा बरं बोलता आलं असं वाटलं,
पण तोवर तिचा नेटपॅक संपला होता.

परवा डबल पाळी झाली.
बूट काढले, मास्क चढवला, संपलो.
डबीकडे बघितलंच नाही.
सकाळी उठलो तर घसा मऊ,
नाक मोकळं, अभ्रा पांढरा.
डबी रेघेपर्यंत भरलेली.

शाबीर दाढी करत होता, आरशातूनच बोलला,
"घोरायचास तेव्हा शिव्या घालत जागा असायचो.
आता आवाज येत नाही म्हणून जाग येते.
खाली उतरून बघतो, काच धुरकटते का तोंडावरची.
काल डबी कोरडी दिसली."
पुढे म्हणाला, "बॅटरीचं नाही ओतलं. वाचता येतं मला."

काही म्हणायचं होतं.
त्याच्या गालाला फेस होता,
आणि खाली गाडी हॉर्न देत होती.

सध्या पाचवर आहे.
थंडी आली की बघू,
बहुतेक चारवर आणावा लागेल.