ज्योत्स्ना त्र्यंबक कुऱ्हाडे

रबाळ्याच्या त्या शोरूममध्ये एसी इतका थंड
की विकणारा पोरगा स्वेटर घालून होता.
म्हणाला, मॅडम, साठ वॅट घ्या, ऐंशी घ्या,
शंभर घेतलंत तर दहा वर्षं बघायला नको.
मी विचारलं, ट्यूब काचेची ना?
हो म्हणाला.
गॅरंटीत येते?
तेव्हा त्यानं चहा मागवला.

माझा गाळा वागळे इस्टेटमध्ये,
बावीस बाय अकरा, वर पोटमाळा,
दार तीन फूट दोन इंच.
त्यातले दोन इंच मी तीनदा मोजलेत :
एकदा टेपनं, एकदा पट्टीनं,
एकदा मुनाफला दारात आडवा धरून.
तेराशे-नऊशेचा बेड आत जात नाही
भिंत फोडल्याशिवाय,
आणि भिंतीपलीकडे वाफगावकरांचे पापड वाळतात.

चहा आला. मी पिशवीतून डबा काढला, स्टीलचा.
यावर चालेल?
यावर नाही मॅडम, याला फायबर लागतं.
मग फायबर लाकूड कापेल?
नाही, लाकडाला, अ‍ॅक्रिलिकला हेच.
म्हणजे दोन मशीनं.
पतपेढीचं कर्ज एक.

नाना जांभळी नाक्यावर
भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे,
मांडीत घागर, हातात टरटरणारं यंत्र.
अक्षराला आठ आणे. काना-मात्रा फुकट.
जोडाक्षर कितीही मजल्यांचं असो, एकच अक्षर धरायचे.
गिऱ्हाइकं हुशार, त्यांना हे माहीत होतं.
रमा-उमा नावाच्या बायका उगाच खट्टू व्हायच्या.

डेमोला नाव सांगा, पोरगा म्हणाला,
सगळे मुलांचं सांगतात.
मी डब्यावरचं वाचून दाखवलं :
ज्योत्स्ना त्र्यंबक कुऱ्हाडे.

त्यानं टाइप केलं. झाकण पडलं.
लाल ठिपका आधी नुसताच चौकटीभोवती फिरून आला,
जागा बघायला आलेल्या भाडेकरूसारखा,
मग धूर, मग जळक्या प्लायचा वास.
बाहेर आलं ते असं :
त वेगळा, स वेगळा, दोघांचे पाय मोडलेले,
ना लांब जाऊन उभी,
आणि कुऱ्हाड्यांचा र कुठे गेला
ते कुऱ्हाड्यांनाच ठाऊक.
इतकी सुबक चूक मी आजवर पाहिली नव्हती.
केसाएवढीही थरथर नाही.

पोरगा म्हणाला, इंग्लिशमध्ये करू?

आतून एक माणूस आला, ओवळेकर,
उजवी भुवई अर्धी जळालेली.
कोणावर न रागावता म्हणाला,
याला अक्षर कळत नाही हो, नुसती वाट कळते.
अक्षराची आधी रेघ करायची, मग सोडायचं.
बसला, दोन मिनिटं काहीतरी दाबलं,
दुसऱ्यांदा त्स्ना उठली, अख्खी,
एकावर एक, नानांसारखी नाही,
पण उठली.

फळी माझ्या हातात देताना सांगून टाकलं :
पीव्हीसी कधी कापू नका, कोणी कितीही पैसे देवो.
पहिल्यांदा आरसे जातील, मग तुमची छाती.
आणि शंभर वॅट कशाला? पाट्याच करता ना?
साठ घ्या, छोटा बेड घ्या, उरलेले धूर काढायच्या पंख्याला घाला.
पोरग्यानं स्वेटरची चेन वर ओढली.

कोण या बाई, ओवळेकरनं विचारलं.
माहीत नाही.
डब्यावर नाव घालून घेतलं, न्यायला कोणी आलं नाही.
लग्नाचा होता की बारशाचा, नानांनी विचारलं नव्हतं.
तेवीस वर्षं आमची तूरडाळ असते त्यात.

साठचं ठरलं. स्टीलचं पुढे बघू.
संध्याकाळी गाळ्यात जमिनीवर खडूनं मशीन काढलं,
मागे पाइपाला हात शिरेल एवढी जागा सोडून.
महिनाभर लागेल यायला.
रात्री चहा घेऊन मुनाफ आला
आणि चौकटीला वळसा घालून,
कोपरा न लागू देता,
तिरका तिरका माझ्यापर्यंत पोचला.