अर्धा ल

रविवारी रात्री नाचणी भिजते.
सोमवारी ती सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात
गाठ मारून खिडकीच्या गजाला टांगते मी,
आणि मंगळवारी, एका हाताने दात घासता घासता,
दुसऱ्या हाताने चाचपते: ओलसर, कोमट,
आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं.
मोड आलेत.

मग वाळवणं, भाजणं, मिक्सर,
आणि ते वस्त्रगाळ करणं,
ज्यात अर्धा ओटा, माझी एक भुवई
आणि निशिकांतचा कंपनीचा शर्ट विटकरी होतो.
एवढ्या उपद्व्यापातून निघतं
वाटीच्या तळाला बसेल इतकं पीठ.
जुई त्याच्या खिरीचे दोन चमचे खाते.
तिसरा माझ्या बाहीवर.

डॉक्टर म्हणाले, मीठ-साखर वर्षापर्यंत नको.
शेजारच्या पाटसकरकाकू म्हणाल्या,
अळणी कसं खाईल गं पोर, चिमूटभर टाक,
मी नाही जात डॉक्टरला सांगायला.
आणि हो, फडताळात तुरीच्या डाळीमागे
एक विकतचा डबाही आहे.
सील फोडलेला.
एका गुरुवारी गॅस संपला होता.
एवढंच.

निशिकांत चाकणहून रात्रपाळी करून येतो
तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी होते.
तो बूट न काढता तिसरी मोजतो,
मी वेणी घालते.
मुगाची डाळ, तांदूळ, गाजराचा तुकडा,
चमच्याच्या पाठीने घोटून घोटून
दाणा राहू नये असं.
डब्यावर नाव: जुई. वडगाव बुद्रुक, पाळणाघर,
बेबीमावशी, ज्यांचं वय पन्नास
आणि खरं नाव कुणालाच माहीत नाही.

मी नारायण पेठेत मुद्रितं तपासते.
या आठवड्यात सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण,
चारशे बारा पानं.
ऱ्हस्वाचा दीर्घ, दीर्घाचा ऱ्हस्व,
लाल पेनाने दिवसभर लोकांचे अनुस्वार वेचते.
दीड वाजता बेबीमावशींचा मेसेज येतो.
भोपळा आवढला.
दूधी थूकला.
केळ दोन वेळ मागीतल.
त्यातलं एकही अक्षर मी सुधारत नाही.
जपून ठेवलेत सगळे,
छापून आलेल्या कुठल्याही पानापेक्षा नीट.

आज आला:
खिचडी खाली.

पेन थांबलं.
खाल्ली, की खाली?
पोटात, की फरशीवर?
एका अर्ध्या ल वर अडलं माझं
पहाटे पाचपासूनचं सगळं.
फोन करावा तर दीड ते तीन
मावशी मुलं निजवतात, फोन बंद.
मी ताळेबंदाच्या पानावर परत गेले.
येणे बाकी. देणे बाकी.
एकच ओळ चार वेळा वाचली
आणि तिच्यातली ढळढळीत चूक
पाचव्यांदा सापडली.

संध्याकाळी दांडेकर पुलाचा सिग्नल
नव्वद सेकंदांचा होता,
मी एकशे दहा मोजले.
दारातच विचारलं,
मावशी, खाल्ली, की खाली पडली?
त्या म्हणाल्या, तेच तर लिहिलंय की.
आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचं नाक पुसायला वळल्या.

घरी अंघोळ घालताना
जुईच्या गळ्याच्या वळीत
एक शीत सापडलं.
वाळलेलं, पिवळं, घोटण्यातून सुटलेलं.
तिने माझ्याकडे बघितलं,
मग शिताकडे,
मग तोंड उघडलं.

नाही दिलं. मीच खाल्लं.
तूप बरोबर होतं.
हिंग उद्या जरा जास्त.