आंबवण

ऊलु शहर, तुइरा भाग, जुलै.
तिसऱ्या मजल्यावरचं दार फोडण्याआधी
मी टपालाच्या फटीला नाक लावलं.
सोबतचा पोरगेला पोलीस दोन पायऱ्या खाली उतरला.

पहिल्या दिवशी वास नसतोच म्हणा.
मग गोडसर, डागाळलेल्या फळासारखा,
मग सडक्या अंड्याचा,
आणि मग तो, ज्याला उपमा मिळत नाही,
घरी गेल्यावर केसांतून परत भेटतो.
फटीशी होता दुसरा, तिसऱ्याकडे झुकलेला.

हेल्वी तोलोनेन, वय एक्याऐंशी.
चामड्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं.
स्वयंपाकघराच्या फरशीवर, उजव्या कुशीवर.
ताठरपणा येऊन ओसरलेला.
ओटीपोटावर हिरवट डाग, पसरत चाललेला.
खिडकी चार बोटं उघडी. खोली एकवीस अंश.
तिचा इथला वास संपला होता
आणि वास तेवढा राहत होता घरात.

माश्या सहसा अंधारात अंडी घालत नाहीत,
त्यावरून आम्ही रात्री वजा करतो.
पण इथे जुलैत रात्र होतेच कुठे?
बाराला पडद्याच्या कडेने ऊन आत येतं.
कामावर जावं की निजावं,
माशीलाही कळलं नसेल.
मी अळ्या मोजल्या, मिलिमीटरमध्ये,
काही यकृताच्या तुकड्यावर डबीत वाढवल्या
आणि अहवालात लिहिलं:
मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार पहाट.

मुलीचा फोन गोथेनबर्गहून. मार्युत.
“बुधवारी सहाला मी फोन केला होता.
अकरा वेळा वाजला.
तेव्हा ती होती का?”
म्हणजे: पडलेली, ऐकत, हात न पोचता.
माझ्याकडे छत्तीस तासांची पट्टी.
तिचे सहा त्यात कुठेतरी.

“ओट्यावर लाकडी वाडगं होतं?”
होतं. फडक्याखाली.
मी हुंगलंही होतं ते, सवयीने.
त्या घरात जिवंत म्हणावा असा तेवढाच वास. आंबट.
“मळलेलं पीठ, की नुसतं आंबवण?”
नुसतं आंबवण. फुगून, खाली बसून,
वर पापुद्रा धरलेलं.
“काळ्या पावाचं मंगळवारी रात्री भिजवते,
बुधवारी उठल्या उठल्या मळते.
बाबा गेले त्या बुधवारीही मळलं होतं.”
पलीकडे कोणीच बोललं नाही.
नाक ओढल्याचा आवाज आला.
“मग नाही ऐकला तिने फोन.”

अहवालात मी काही बदललं नाही.
वाडगं पुराव्यात मोडत नाही.

ठेवायच्या आधी तिने विचारलं,
दगडावर मंगळवार कोरायचा की बुधवार?
मी खिडकीकडे पाहिलं. रात्रीचे साडेदहा,
समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत
ओल्या चादरी वाळत घालत होतं, उन्हात.
म्हटलं, त्या दोघांच्या मध्ये
इथे काही नसतंच, मार्युत.
तुला जो वार आवडेल तो.