ओगलेवाडीचा प्लॉट

चोवीस प्लग. नबीलाल पंचावर मांडतो,
सांडगे वाळत घालावेत तसे.
आठ बाद, म्हणतो. उजव्याचेच सगळे.
उजवं इंजिन आमच्या थोरल्या जावयासारखं,
मान दिला तरी रुसतं,
नाही दिला तर तेल गाळतं.

पेट्रोल पुण्याहून, पिंपातून.
मॅग्नेटो कस्टम भरून, तीन महिन्यांनी.
डाव्याच्या ओव्हरहॉलला ओगलेवाडीचा प्लॉट गेला.
शशी काही बोलली नाही.
फक्त जेवताना भाव विचारला, गुंठ्याचा.

आणि तरी
पावणेसातला वारुंजीच्या पट्टीवर
दोन्ही लिव्हर एकदम पुढे रेटतो तेव्हा
मला हिशेब येत नाही.
वर गेल्यावर आधी दोन आवाज, भांडणारे,
वांव, वांव, वांव,
मग डावं केसभर मागे घ्यायचं
की एकच सूर, तंबोऱ्याची जोडी लागावी तसा.
खाली कृष्णा इकडून, कोयना तिकडून,
आता धडकतात अशा येतात
आणि निमूट वळतात एकाच बाजूला.
गुऱ्हाळांचा धूर. आगाशिवाची लेणी,
डोंगराला पडलेली बटणाची काजी.

शशी दोनदाच बसली.
दुसऱ्यांदा, पाटणच्या अलीकडे,
उजव्याच्या तेलाचा काटा पडला.
बंद केलं. पाती वाऱ्याला धार लावून
तिच्या खिडकीबाहेर उभी राहिली, गप्प.
तिनं ती नीट पाहिली.
मग माझ्यावरून वाकून डावीकडे पाहिलं,
म्हणाली,
"प्लॉट चालतोय."

उतरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
उद्या टेंभूच्या दीड एकराला गिऱ्हाईक येतंय.