खिडकीतल्या बरण्या

पहिल्या बरणीतलं पेट्रोल पाण्यासारखं.
चिकटपट्टीवर माझं अक्षर: रविवार, टाकी भरली.
दुसरीत, बुधवारी, वाळल्या गवताचा रंग.
तिसरीत कोरा चहा,
आई करायची तसा, चमचा उभा राहील इतका कडक.

चौथी भरायच्या आत
बीएसए बंद पडली.
किक मारून मारून गुडघा सुजला.
इंजिन उघडलं तर झडप डिंकात रुतलेली,
ओढली तरी हलेना.

पंपावरचा क्लेडविन म्हणाला, गंज.
मेरियन म्हणाला, तुझा लेप नीट वाळला नसणार,
बायकांना घाई फार.
मी तिसरी बरणी त्याच्या नाकासमोर धरली.
गंज तळाशी बसतो, मेरियन.
हे बसत नाहीये.
हे विरघळलंय.

घाई म्हणे!
मार्चमध्ये रात्रभर जागले होते मी
या स्वयंपाकघरात,
दर पंधरा मिनिटांनी टाकीची कूस बदलत,
आतला लेप सगळीकडे सारखा फिरावा म्हणून.
माझा लेप शाबूत होता, एका जागेपुरता चिरलेला.
त्या चिरेतून खालचा बोलत होता,
बाबांचा.
आताच्या पेट्रोलात दारू मिसळतात,
आणि त्या काळच्या लेपाला दारू सोसत नाही.
बाबांनाही सोसायची नाही.
नाताळच्या केकमधलीसुद्धा.

मग ॲसिटोन. दोन लिटर, आणि सायकलची जुनी साखळी.
झाकण घट्ट लावून
परसात उभी राहून टाकी खुळखुळवली,
शेजारची कुत्री भुंकून दमली.
उलटी केली तेव्हा पापुद्रे पडले
सायीसारखे, पिवळट,
आणि त्यांत अडकलेले
नखाएवढे जांभळे कपचे.

गंज खरवडायला लोक टाकीत नटबोल्ट घालतात, खडी घालतात.
बाबांनी खाणीतला दगड घातला होता.
ज्याची छपरं होतात आमच्या बेथेस्डात,
ज्याच्या पाट्या व्हायच्या,
ज्याची धूळ त्यांच्या छातीत होती.
सगळे कपचे त्यांना बाहेर काढता आले नाहीत.

विजेरी आत घातली, दातांच्या डॉक्टरचा आरसा घातला.
डाव्या कुशीत, तळाच्या सांध्यापाशी,
डाकाचे थेंब. मसुराएवढे.
भेगेतून आत उतरून थिजलेले.

डावी कूस.

मी सोळा वर्षांची. दिवा न लावता
उतारावरून, चॅपेलच्या वळणावर,
भिंत.
कोपर फुटलं ते मी बाहीखाली लपवलं.
गाडी ढकलत घरी आणली,
आणि शेडमध्ये उभी केली
पोचा भिंतीकडे करून.
पेट्रोलचा वास येत होता. येऊ दे, म्हटलं,
शेडला तर नेहमीच येतो.

नंतरचा आठवडा बाबा खाणीवर चालत गेले.
प्लग गेलाय, म्हणाले.
पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा चालू,
टाकी हिरवी, नेहमीसारखी हिरवी,
हात फिरवला तरी काही लागेना.
चाळीस वर्षं मी समजत होते
की पोचा माझ्या स्वप्नातच पडला असावा.
किंवा बाबा आंधळे.
किंवा मी फार हुशार.

ते डाकाचे थेंब मी घासले नाहीत.
नवा लेप घातला, दारू सोसणारा,
त्यांच्यावरूनच.

काल चौथी बरणी भरली. पाण्यासारखी.
हेलेध म्हणते, आई, घर पेटवशील एक दिवस,
ओतून टाक ते सगळं.
पहिली ओतली. दुसरी ओतली.
तिसरी अजून खिडकीत आहे.
तीनच्या सुमाराला ढग फाटले तर फाटतात,
तेव्हा ओट्यावर एक तांबूस डाग पडतो,
सुरीच्या पात्यावरून सरकत सरकत
पावापर्यंत जातो.
उद्या ओतीन.