कोरा कागद

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
माझ्या डावीकडच्या पाटावर कुंदा बसते. वय एकोणीस.
मंगळवारपासून ती वजनकाट्याकडे एकटी जात नाही.
टोपली भरून सांडते, तरी बसून राहते.

काय झालं, मी विचारलं नाही.
काट्यामागची खोली मला ठाऊक आहे,
बारदानांचा वास,
आणि मुकादमाचं हळूच
"पाव किलो जास्त लिवतंय गो."

तेवीस वर्षं झाली.
राख चोळली की चिकाचे डाग जातात,
असं मी नव्या पोरींना सांगत आले.

काल तिची टोपली मीच उचलली.
वाटेत ती म्हणाली,
"माझां कोणाक खरां वाटतलां?"
"माका."
तू तिथे गेलीस कशाला, हे मी विचारलं नाही.
कुणीतरी न विचारणारं हवं असतं.

आज समितीच्या टेबलावर तिचा अर्ज.
साक्षीदार म्हणून मी अंगठा टेकवला, तर उठेना.
काजूच्या तेलानं रेषा कधीच खाल्ल्यात.
बाई म्हणाल्या, "सही येते?"
येते.
रोझलीन पास्कू फर्नांडिस, पूर्ण लिहिलं,
वेळ लागला.

मग पेन परत दिलं नाही.
म्हटलं, बाई,
अजून एक कोरा कागद आहे?